कोळंबीची उडी

ओहोटीचं पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. शिरगळच्या खाडीत वीस-पंचवीस बायका ओणव्या होऊन कोळंबी धरत होत्या, आणि एकीच्याही हातात जाळं नव्हतं.

"ये गो, उतर खाली," काठावर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला हेमा म्हणाली. "नुसतो हात घाल आणि उचल. मी अशी खाडी कधी बगूक नाय."

शलाका खोबरेकर त्या रविवारी गावी आली होती ती याचसाठी. आठवडाभर हेमा फोनवर एकच सांगत होती, सुंगटां इलीहत, हातान धरूक गावतत. कोळंबी नुसत्या हाताने सापडते हे शलाकाने हसण्यावारी नेलं होतं. लहानपणी आईबरोबर याच खाडीत त्या दोघी यायच्या, तेव्हा कोळंबी हाताने धरणं म्हणजे पारा चिमटीत पकडण्यासारखं होतं. बोट लागायच्या आत ती मागच्या मागे उडायची, कधी कधी तर थेट तोंडावर.

तिने पँट वर दुमडली, पाण्यात उतरली आणि चिखलाजवळ हात नेला. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. कोळंबीने एकदा शेपूट आपटली, वीतभर मागे गेली आणि थांबली. शलाकाने पुन्हा हात पुढे केला. या वेळी ती हललीच नाही. काचेसारखी पांढरी, बोटाएवढी कोळंबी तिच्या तळहातावर आली आणि मिशा हलवत पडून राहिली.

"सातेरी देवी पावली औंदा," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्या हसल्या.

शलाका हसली नाही. तिने आणखी एक धरली, मग आणखी एक. काही उडून लांब गेल्या, हाती लागल्या नाहीत. पण बऱ्याचशा एका उडीनंतर तशाच थांबत होत्या, जणू कुणी न्यायला येईल म्हणून.

तिने बादलीत पाणी घेतलं आणि पुरुषांच्या जाळ्यात सरसकट आलेल्या डझनभर कोळंब्या त्यात सोडल्या.

"इतकीच?" हेमा म्हणाली. "टोपली भरून ने. आणि पाण्यात कित्याक घातलंस?"

"माका जिवंत होयी."

"तोंड कित्याक उतारला तुझा?"

"ऊन लागला," शलाका म्हणाली.

हेमाने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पुन्हा ओणवी झाली.

*

ती कोळंबी ओळखायला शलाकाला यंत्राची गरज नव्हती. तिनेच ती घडवली होती.

कोळंबीचे डोळे दोन बारीक देठांवर बसवलेले असतात, आणि त्या देठांत एक चिमुकली ग्रंथी असते. तिच्यातून सुटणारी संप्रेरकं म्हणजे एका घरातली भावंडंच. एक अंडी रोखून धरतं, एक कात टाकणं लांबवतं, आणि थोरलं भावंड रक्तातली साखर सांभाळतं. माशाची सावली पडली, पाण्यातला प्राणवायू घटला की हे थोरलं रक्तात उतरतं आणि शरीराच्या कोठारात साठवलेली साखर मोकळी करतं. माणसाच्या अंगातलं इन्सुलिन साखर खाली आणतं. याचं काम उलट, साखर वर चढवण्याचं. पहिली उडी कोळंबी स्नायूंतल्या शिलकीवर मारते. दुसरी, तिसरी, दहावी उडी मारायची तर साखर हवी.

शलाका कोळंबी संशोधन केंद्रात नोकरीला लागली तेव्हा पिल्लं पैदा करणाऱ्या बीजकेंद्रांत मादी कोळंबीचा एक डोळा देठासकट चिमट्याने दाबून काढत. एक ग्रंथी गेली की अंडी रोखणारं संप्रेरक घटायचं आणि मादी लवकर अंडी द्यायची. डोळा काढलेली कोळंबी बराच वेळ टाकीत गोल गोल फिरत राही. शलाकाने ते काम दोन वर्षं केलं. जेवताना तिला तो चिमटा आठवे. यातून दुसरी वाट काढायचीच, असं तिने तेव्हा ठरवलं, आणि पुढची दहा वर्षं त्यात घातली.

जनुकातली सूचना पेशीत एका निरोपाच्या रूपाने जाते. त्या निरोपावरून संप्रेरक बनतं. शलाकाने कोळंबीत असं एक जनुक बसवलं की त्याचा निरोप मूळ निरोपाचं आरशातलं प्रतिबिंब असावा. दोन्ही एकमेकांना चिकटत आणि पेशी त्यांना कचरा समजून तोडून टाकी. अंडी रोखणाऱ्या भावंडाचं तोंड असं बंद झालं. डोळा कापण्याचं कारणच उरलं नाही. पण भावंडांची बोली एकमेकांशी मिळतीजुळती असते. ते प्रतिबिंब साखर सांभाळणाऱ्या थोरल्यालाही जाऊन चिकटलं आणि त्याचंही तोंड बंद झालं.

हे तिच्या लक्षात आलं होतं. सगळ्यांच्याच आलं होतं, आणि सगळे खूश झाले होते. ही कोळंबी तळ्याबाहेर उडी मारत नव्हती, एकमेकींना चावत नव्हती, दाटीवाटीत ठेवली तरी खाऊन-पिऊन सुखाने वाढत होती. तळ्यात हवा सोडणारी यंत्रं होती, मासे नव्हते, पक्ष्यांसाठी जाळी होती. मग पळायचं कशासाठी? केंद्राने या जातीचं नाव ठेवलं, निवांत. तीन वर्षांत सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत निवांतची तळी झाली.

शिरगळला तळी खोदायची ठरली तेव्हा गावाने विरोध केला होता. उद्या ही कोळंबी खाडीत गेली तर? शलाका ग्रामसभेत उभी राहिली होती. "हिला पिल्लं होत नाहीत," तिने सांगितलं होतं. "आम्ही तिच्या पेशीत गुणसूत्रांचा एक जादा संच घालतो. ती खाडीत गेली तरी तिचा वंश तिच्याबरोबर संपेल." हेमा तेव्हा मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष म्हणून पहिल्यांदाच निवडून आली होती. तिने लोकांना एवढंच सांगितलं की माझी बहीण बोलते ते मी बोलते असं समजा. गावाने मान डोलावली.

शलाका खोटं बोलली नव्हती. हजारात एखादी कोळंबी त्या जादा संचातून निसटते, हे तिला माहीत होतं. तळ्यात त्याने काही बिघडत नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वादळ आलं, तळ्यांचे बांध फुटले आणि लाखो कोळंब्या एका रात्रीत खाडीला मिळाल्या. लाखोंतल्या हजारात एक म्हणजे किती, हा हिशेब त्या वेळी कुणी मांडला नाही. तिनेही नाही.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत तिने डझनभर कोळंब्यांच्या पायाच्या बुडाशी बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढला, मग त्यांना काडीने पाण्यात पिटाळलं, मग पुन्हा थेंब काढला. निम्म्यांची साखर दुपटीने चढली. निम्म्यांची होती तिथेच राहिली. जनुक वाचणाऱ्या यंत्राने दुपारपर्यंत तेच सांगितलं.

निम्म्या. दोन वर्षांत निम्म्या. निसटलेल्या त्या मूठभर माद्यांना अंडी रोखणारं काहीच नव्हतं. रानातल्या कोळंबीआधीच त्यांना अंडी होत होती, आणि पुन्हा पुन्हा होत होती. तिचं जनुक खाडीत वणव्यासारखं पसरलं होतं. म्हणून तर खाडी भरली होती. आणि चैत्र-वैशाखात, पाणी तापून कोंदतं, त्यातला प्राणवायू उतरतो, तेव्हा साध्या कोळंबीची साखर चढते आणि ती तग धरते. हिची चढणार नव्हती. जी जात सगळ्यांत जास्त अंडी घालते तीच संकटात सगळ्यांत आधी मरते, आणि मरायच्या आत आपलं जनुक दुसरीकडे देऊन जाते. अशी गोष्ट चालू झाली की वर्षागणिक उरलेल्या चांगल्या कोळंबीलाही ती पोखरत जाते.

*

डॉ. रंगनेकर केंद्राचे संचालक होते. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"चूक असण्याची शक्यता?"

"मी तीन वेळा तपासलं, सर."

"राष्ट्रीय समितीपुढे न्यायला हवं. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी तातडीची मागतो, पण तीन-चार आठवडे तर लागतीलच."

"पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे," शलाका म्हणाली. "मोठं उधाण. त्या ओहोटीला खाडीतली वाढलेली कोळंबी समुद्रात जाते, अंडी घालायला. एकदा ती बाहेर गेली की आपल्या हातात काही नाही."

"आणि आत असताना काय आहे आपल्या हातात?"

यावर तिने रात्रभर विचार केला होता. "उडी आहे. जाळ्यात सगळी सारखीच येते. पण हाताने धरायला गेलं तर आपली कोळंबी एकदा उडते आणि थांबते. रानातली तीनदा, चारदा उडते आणि निसटते. जाळी बंद ठेवली आणि सगळ्यांनी हातानेच धरली, तर खाडी आपोआप निवडली जाईल. आपली तेवढी बाहेर येईल, चांगली आत राहील."

रंगनेकरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ते वाईट गृहस्थ नव्हते. डोळा कापणं बंद झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्या केंद्राला स्वतःच्या हाताने पेढे वाटले होते.

"हे लोकांना सांगायचं म्हणजे कारणही सांगायला हवं," ते शेवटी म्हणाले. "आणि कारण बाहेर पडलं की मुंबईपासून गोव्यापर्यंत एक कोळंबी विकली जाणार नाही. खाण्यात काही वाईट नाही हे तू सांगशील, मी सांगीन. ऐकेल कोण?"

"माहीत आहे."

"या शोधावर तुझं नाव आहे, शलाका. तुला बोलू नकोस असं मी म्हणत नाही. पण बोल असं म्हणायचा अधिकार मला नाही. आज नाही."

*

हेमा घराच्या मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. बचत गटाच्या चार बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या. शलाकाने समोर बसून सगळं सांगितलं. आपल्या बोलीत सांगितलं, तरी मध्ये मध्ये तिला शब्द सापडत नव्हते.

हेमाचे हात थांबले नाहीत. डोकं मोडायचं, साल ओढायची, धागा काढायचा. शलाकाचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "खाल्ल्यार काय होता?"

"काय नाय. खावक काय वायट नाय. मी खायन."

"पोरांका घातलंय मी रोज."

"ताई, खरा सांगतंय, त्याचो काय त्रास नाय."

"तेव्हासुदीक खराच सांगी होतंस मां," हेमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ग्रामसभेत. तू सांगलंस म्हणान मी सांगलंय. माझ्या तोंडाकडे बगून लोक गप ऱ्हवले."

हेमाने पुढची कोळंबी उचलली.

"आता त्याच लोकांका सांगू, जाळी सोडा. औंदा. वीस वर्सांनी सुंगट इला आणि आता सांगू, धरू नका, आणि धरलास ता कोण घेवचा नाय."

"हातान धरा. फक्त जाळी नको."

"घरी जा शलू," हेमा म्हणाली. "माका आता तुझ्याशी बोलूचा नाय."

दारात हेमाचा नवरा वासुदेव उभा होता. खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेली सगळ्यांत मोठी जाळी त्याचीच होती. त्याने ऐकलं होतं सगळं. मेहुणीला वाट देण्यासाठी तो बाजूला झाला, पण नेहमीसारखं चहा घेऊन जा म्हणाला नाही.

पुढचे दोन दिवस शलाकाने फोन जवळ ठेवला. तो वाजला नाही. ती केंद्रात जायची, टाक्यांतलं पाणी बदलायची, समितीसाठी टिपण लिहायची, आणि दर थोड्या वेळाने खिडकीतून आभाळाकडे बघायची. दिवसाही चंद्र दिसायला लागला होता आणि तो रोज फुगत चालला होता. आपण थेट जाऊन सोसायटीच्या शेडमध्ये उभं राहावं, असं तिच्या मनात दहादा आलं. पण तिचा शब्द आता गावात कोण ऐकणार होतं? ऐकलं तर हेमाचं ऐकलं असतं. आणि हेमाने तोंड फिरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या फाटकावरून निरोप आला की कुणी बाई भेटायला आल्यात. हेमा रिक्षाने आली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, नळ-नळ्या, पांढरे दिवे, आणि म्हणाली, "माका दाखव. सांगू नको, दाखव."

शलाकाने काचेच्या टाकीत दोन कोळंब्या सोडल्या, एक खाडीतली साधी, एक निवांत. दिसायला दोन्ही सारख्याच. तिने काचेची काडी हेमाच्या हातात दिली.

हेमाने पहिलीला ढोसलं. ती उडाली. पुन्हा ढोसलं, पुन्हा उडाली. टाकीच्या कोपऱ्यात घेरली तरी काडीवरून झेप घेऊन पलीकडे गेली. हेमाने काडी दुसरीकडे नेली. ती एकदा उडाली. मग काडी अगदी पाठीला लागली तरी तिने नुसते पाय हलवले. मिशा मात्र जोरजोरात थरथरत होत्या, आणि देठावरचे ते काळे डोळे काडीच्या टोकाकडे वळलेले होते.

हेमा वाकून बघत राहिली.

"हिका भय वाटणा नाय?"

"वाटता," शलाका म्हणाली. "आमी समाजलो वाटणा नाय. म्हणान निवांत नाव ठेवला. भय वाटता, पण पळूक अंगात काय नाय."

हेमाने काडी हलकेच पाण्याबाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"उद्या सकाळी सोसायटीत ये," ती म्हणाली. "मी बोलतलंय. विचारतीत त्याचा तू सांग. आणि माझ्याकडे बगून बोलू नको, लोकांकडे बगून बोल."

*

सोसायटीच्या शेडमध्ये बर्फाच्या पेट्यांवर, दोरखंडांच्या वेटोळ्यांवर माणसं बसली होती. हेमाने लांबण लावली नाही. "माझी बहीण चुकली. तिचा ऐकान मी तुमका सांगलंय, मी पण चुकलंय. आता काय करूचा ता ऐका आणि मगे माका काय बोलूचा ता बोला."

लोक बोलले. पुष्कळ बोलले. ज्या बायका रविवारी हसत होत्या त्यांतली एक शलाकाकडे बघून म्हणाली की शिकली-सवरलेली माणसं देवाच्या कामात हात घालतात आणि मग निस्तरायला आम्ही. एका तरुणाने विचारलं की शेजारच्या खाड्यांतले लोक जाळी लावणारच, मग आम्हीच का? याला तिच्यापाशी उत्तर होतं, पण पुरेसं नव्हतं. खाडीत वाढलेली कोळंबी समुद्रात जाते, अंडी घालते, आणि पिल्लं भरतीबरोबर आसपासच्या खाड्यांत शिरतात. आपली खाडी जेवढी चांगली पाठवेल तेवढी चांगली परत येईल. थोडी. सगळी नाही.

"म्हणजे नक्की काय?" वासुदेवाने मागून विचारलं. तो सभेत पहिल्यांदाच बोलत होता. "जाळी काढली तर खाडी वाचतली?"

शलाकाने त्याच्याकडे पाहिलं. होय म्हणणं किती सोपं होतं. "भावोजी, माका ठावक नाय," ती म्हणाली. "काढली नाय तर वाचूची नाय, इतक्याच ठावक हा."

तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून बायका पाण्यात उतरल्या. सगळ्या नाही, निम्म्या असतील. नियम सोपा होता: हाताने तीनदा पाठलाग करायचा, तिसऱ्यांदाही जी उडेल तिला जाऊ द्यायचं. हे सांगायला सोपं, करायला जड. हाताशी आलेली कोळंबी सोडून देताना बायकांचे चेहरे आक्रसत. शलाका रजा टाकून त्यांच्यात उतरली. तिच्या शेजारी कुणी येत नव्हतं. हेमा दूर दुसऱ्या टोकाला होती. धरलेली कोळंबी काठावरच्या पिंपात जात होती, आणि संध्याकाळी ती पिंपं तशीच राहत होती, कारण बातमी फुटली होती आणि मालवणहून येणारा टेम्पो यायचा बंद झाला होता. बायका ती वाळूवर पसरून सुकवत होत्या, निदान फुकट जाऊ नये म्हणून.

पुरुषांची जाळी खुंटांवर तशीच होती. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी शलाका काठावर उभी राहून ती मोजण्याचं टाळत होती. खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या ओढीने फुगलेली, ओळीने. उद्याच्या ओहोटीला बाहेर पडणारी चांगली कोळंबी त्यांच्यातच जाणार होती. आठवडाभर हातांनी निवडलेलं सगळं एका पाण्यात संपणार होतं.

तेवढ्यात एक होडी तोंडाकडे गेली. वासुदेव एकटाच होता. त्याने पहिल्या खुंटाशी होडी लावली आणि गाठ सोडायला घेतली. भिजून फुगलेली गाठ सुटेना, तेव्हा त्याने दातांनी ओढली. एक जाळं होडीत पडलं. मग दुसरं. दोन्ही काठांवरून लोक बघत होते. थोड्या वेळाने आणखी एक होडी निघाली, मग आणखी दोन. संध्याकाळपर्यंत बरीचशी जाळी निघाली. चार-पाच राहिली. राहिली ती राहिली. त्या लोकांशी कुणी भांडायला गेलं नाही.

*

शलाकाला केंद्रातून नोटीस आली. परवानगीशिवाय माहिती बाहेर दिली म्हणून तिला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं. नोटिशीवर सही रंगनेकरांची होती, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिचं जनुक वाचणारं लहान यंत्र एका पिशवीत घालून तिच्या घरी पाठवून दिलं. बरोबर चिठ्ठी नव्हती. सोसायटीने पुढच्या बैठकीत हेमाला अध्यक्षपदावरून उतरवलं. हेमाने शिक्का आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी येऊन आमटीला फोडणी दिली.

चैत्रात ऊन तापलं. उत्तरेकडच्या दोन खाड्यांत, त्यांतली एक कुडवळची, एका सकाळी काठांवर लाल पडलेल्या मेल्या कोळंबीचा थर आला. बगळेही त्याला तोंड लावत नव्हते, इतकी दुर्गंधी होती. तिथल्या बायकांनी सांगितलं की आदल्या दिवशीही काही दिसलं नव्हतं. पूर्वी पाणी कोंदलं की कोळंबी काठाला येऊन तडतड उड्या मारायची, माणसाला कळायचं. या वेळी काहीच झालं नाही. ती तळाशी होती तशीच राहिली. यानंतर समितीने निवांतची तळी उपसायचा हुकूम काढला.

शिरगळलाही मेली, पण सगळी मेली नाही. पावसाळ्यानंतर नवी पिल्लं खाडीत आली तेव्हा शलाका ते लहान यंत्र घेऊन हेमाच्या घरी राहिली आणि रोज थोडी तपासू लागली. निम्म्याच्या जागी आता चारातली एक. पहिला आकडा आला तेव्हा तिला आनंद झाला, आणि लगेच धास्ती वाटली की पुढच्या भरतीला हा उलटला तर. शेजारच्या खाड्यांतून ते जनुक येतच होतं. हे एका वर्षाचं काम नव्हतं. किती वर्षांचं, ते तिला गणित मांडूनही ठरवता येत नव्हतं. रात्री झोपेतून ती उठायची ती तोच आकडा मनात घेऊन.

हेमा तिच्याशी कामापुरतं बोलत असे. भाकरी वाढत असे, पण समोर बसत नसे. मार्गशीर्षात एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "कुडवळच्या लोकांनी बोलावल्यानी हा. त्यांची खाडी गेली. आता नवी पिलां इलीहत तर काय करूचा विचारतत. मी एकटा जावन काय सांगू?"

वासुदेवाच्या होडीतून त्या दोघी गेल्या. कुडवळला खाडीच्या काठी वडाखाली लोक जमले होते. शिरगळपेक्षा लहान गाव, आणि माणसं गप्प. चैत्रापासून त्यांच्या हाताला काही लागलं नव्हतं. हेमाने आपल्या गावात काय झालं ते सांगितलं, जाळी काढल्याचं, न काढलेल्यांचं, तिला उतरवल्याचंही. मग ती बाजूला सरली आणि बहिणीला पुढे केलं.

"ह्या सगळ्या हिनाच केला काय?" एका म्हाताऱ्याने हेमाला विचारलं.

"होय," हेमा म्हणाली. "हिनाच. म्हणान हिका हाडलंय. दुसऱ्या कोणाक त्यातला इतक्या कळना नाय."

शलाकाने तीन उड्यांचा नियम सांगितला. जाळी किती काळ बंद ठेवावी लागतील हे तिला ठाऊक नाही, असंही सांगितलं. कदाचित पाच वर्षं, कदाचित जास्त. कदाचित एवढं करूनही पुरणार नाही. बोलताना तिला मागच्या सभेतला तो तरुण आठवला, आम्हीच का म्हणणारा, आणि तिला वाटलं आता कुणीतरी उठेल आणि बाकीचे त्याच्या मागोमाग जातील. म्हाताऱ्याने तंबाखू मळली. खाडीचं पाणी हळूहळू उतरत होतं, आणि चिखलाचा पहिला पट्टा उघडा पडला होता.

मग पुढे बसलेली एक बाई उठली आणि तिने साडीचा काष्टा घट्ट केला.

"सांगून कळूचा नाय," ती म्हणाली. "एकदा करून दाखव."

शलाकाने हेमाकडे पाहिलं. हेमा पाण्याकडे निघालीच होती. शलाकाने चपला काढल्या आणि तिच्या मागोमाग चिखलात उतरली.